उभ्या वाहनाची बॅटरी : निगा आणि दक्षता

उल्हास नदीकाठचे बदलापूर आणि वालधुनीकाठची अंबरनाथ व उल्हासनगर ही शहरे यांना पुराचा अनुभव नवा नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या पट्ट्याची मोठी हानी झाली. पुढे २७ जुलै २०१९ रोजी पहाटे बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, स्थानिक प्रशासन आणि ग्रामस्थ यांच्या प्रयत्नांनी हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर आले. अशा वेळी रुग्णवाहिका, जनित्र आणि पाणी उपसण्याचा पंप तत्काळ सुरू व्हावे लागतात. वर्षातील बहुतेक दिवस मात्र ही साधने जागेवर उभी असतात, आणि उभ्या यंत्राचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे त्याची बॅटरी.

बॅटरी का उतरते?

वाहन बंद असले की बॅटरीला विश्रांती मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. शिसे व गंधकाम्ल यांच्या बॅटरीतील रासायनिक क्रिया वाहन बंद असतानाही मंद गतीने चालूच राहते. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास पाण्याची साधी बॅटरी महिन्याला सुमारे ४ ते ६ टक्के भार आपोआप गमावते. तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे शाळेची बस उन्हाळी सुट्टीत उभी राहते, नेमक्या त्याच काळात बॅटरीची झीज सर्वाधिक असते. आणि सुट्टी संपते तेव्हा पावसाळा दाराशी आलेला असतो.

दुसरे कारण वाहनातच दडलेले असते. घड्याळ, धोक्याची घंटा, वाहनाचा ठावठिकाणा कळविणारे उपकरण यांना किल्ली काढल्यावरही थोडा प्रवाह लागतो. हा प्रवाह केवळ ३० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला ०.७२ आणि महिन्याला सुमारे २१.६ अँपिअर-तास खर्च होतात. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग झाला.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवल्यास तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. नंतर चार्जिंग करूनही ते पूर्णपणे विरघळत नाहीत व बॅटरीची क्षमता कायमची घटते. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात शाळांच्या बसगाड्या महिनोन्‌महिने उभ्या होत्या. तेव्हा वाहनधारकांना या गोष्टीचा प्रत्यय आला.

मोजमाप कसे करावे?

बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून व्होल्टमीटर लावावा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसल्यास ती पूर्ण भरलेली असते, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण आणि १२.२ म्हणजे अर्धी. मापन १२.४ च्या खाली जाताच चार्जिंग करावे.

निगा कशी राखावी?

येथे दोन प्रकारच्या वाहनांत भेद करणे आवश्यक आहे. सुट्टीत उभ्या राहणाऱ्या बससारख्या वाहनाची बॅटरी प्रथम पूर्ण भरावी आणि मग ऋण अग्राची तार सोडवून ठेवावी. तारा काढताना ऋण अग्र आधी व जोडताना शेवटी, हा क्रम पाळावा. त्यानंतर दरमहा व्होल्ट तपासावेत.

रुग्णवाहिका किंवा जनित्र यांची तार सोडविणे योग्य नाही, कारण ती सदैव सज्ज असली पाहिजेत. त्यांना भार पूर्ण होताच प्रवाह आपोआप कमी करणारा चार्जर जोडून ठेवावा. साधा चार्जर दिवसेंदिवस लावून ठेवल्यास बॅटरीतील पाणी आटते व पट्ट्या खराब होतात. विजेची सोय नसेल तेथे नियंत्रकासह लहान सौर पट्टी चालते. मात्र पावसाळी ढगांत तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये.

रोज पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची पद्धत फारशी उपयोगी नाही. २० अँपिअर-तासांची तूट १० अँपिअर प्रवाहाने भरण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागतो. सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते, हा समजही प्लॅस्टिकच्या पेटीला लागू होत नाही. खरा दोष वरच्या भागावरील धूळ आणि ओलाव्याचा. त्यातून दोन अग्रांमध्ये प्रवाह झिरपतो. म्हणून तो भाग कोरडा ठेवावा व अग्रांना पेट्रोलियम जेली लावावी. पाणी भरावयाचे ते ऊर्ध्वपातितच. लिथियम बॅटरीला हे नियम लागू नाहीत. ती दीर्घकाळ ठेवताना साधारण अर्धी भरलेली असावी.

सुरक्षितता

चार्जिंगच्या वेळी ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. खोली हवेशीर असावी; जवळ विडी, काडी वा ठिणगी नको. डोळ्यांवर चष्मा व हातात रबरी मोजे असावेत. निकामी बॅटरी उघड्यावर फोडून शिसे वितळविणे आरोग्यास, विशेषतः बालकांच्या, घातक असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती विक्रेत्याकडे अथवा नोंदणीकृत केंद्राकडेच द्यावी.

स्थानिक जबाबदारी

ग्रामपंचायतींनी व नगरपरिषदांनी आपल्या प्रत्येक वाहनासाठी व जनित्रासाठी एक वही ठेवावी. तीत तारीख, व्होल्ट, पाण्याची पातळी आणि तपासणाऱ्याची सही असावी. शिक्षकांना याच विषयावर विज्ञानाचा चांगला पाठ घेता येईल : शिक्षकांनी स्वतः दर आठवड्याला मापन करावे व विद्यार्थ्यांनी त्याचा आलेख काढावा. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक वाहन व पंप एकदा प्रत्यक्ष चालवून पाहावा. तपासणीचे हे काम अर्ध्या तासाचे आहे. पुराच्या रात्री मात्र तेवढी सवड मिळत नाही.