टाच दुखते, मग टाचाच का उचलायच्या?

प्रश्न : माझं गंजगोलाईत कापडाचं दुकान आहे, दिवसभर फरशीवर उभा असतो. चार महिन्यांपासून सकाळी पलंगावरून उतरलं की उजव्या टाचेत सुई टोचते. थोडं चाललं की बरं वाटतं. आई तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायला लावते. फिजिओथेरपिस्टने मात्र बोटांखाली टॉवेल ठेवून टाचा वर-खाली करायला सांगितलंय. दुखऱ्या जागेवरच जोर कशासाठी? आणि अडीच महिन्यांवर आलेल्या कोजागिरीला तुळजापूरला पायी जाता येईल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो, त्याचं नाव प्लांटर फॅशिया. झोपेत पाऊल खाली कललेलं राहतं, पट्टा आखडतो आणि सकाळी पहिल्याच पावलाला सगळ्या अंगाचा भार घेऊन एकदम ताणला जातो. ती सुई त्याची. या दुखण्याला सगळे सूज म्हणत आले. पण 2003 साली अमेरिकेत शस्त्रक्रियेत काढलेले अशा 50 टाचांच्या पट्ट्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा सुजेऐवजी झीज आढळली. शेकल्यानं आराम पडतो, आईंना तो देऊ द्या (मधुमेहानं तळवे बधिर झालेल्यांनी मात्र तापली वीट पायाजवळही आणू नये). पण झिजलेल्या धाग्यांत बळ भरायला मोजून-मापून दिलेला भारच लागतो.

आता टॉवेल. विहिरीवरचा रहाट आठवा. बोटं वर वळली की हा पट्टा त्यांच्या सांध्यांभोवती दोरासारखा ओढला जातो आणि पायाची कमान उचलली जाते. हिक्स या अभ्यासकानं 1954 साली ही रचना याच उपमेनं समजावली. बोटांखाली टॉवेलची घडी ठेवली की पट्टा आधीच ताठ होतो, मग टाच उचलताना जोर पोटरीबरोबर त्याच्यावरही येतो. नुसत्या टाचा उचलण्यात आणि यात फरक आहे तो एवढाच, पण मोलाचा.

जिन्याच्या पायरीवर, कठड्याला धरून उभे राहा. बोटं घडीवर, टाच पायरीबाहेर. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. अशा 12 वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. एका पायावर झेपत नसेल तर आधी दोन्ही पायांवर करा. दोन आठवड्यांनी पाठीवर पुस्तकांची बॅग घेऊन 10 वेळा, चार फेऱ्या. मधला विश्रांतीचा दिवस चुकवू नका. पट्टा सावरतो तो त्याच दिवशी. करताना सोसवेल इतकं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी पहिलं पाऊल नेहमीपेक्षा जड गेलं तर भार कमी करा. शिवाय रोज तीनदा, त्यातलं एकदा पलंगावरून उतरण्याआधीच, बोटं हातानं नडगीकडे ओढून दहा सेकंद धरा. असं दहा वेळा.

डेन्मार्कमध्ये 48 जणांवर हा व्यायाम ताणाच्या व्यायामाशी ताडून पाहिला. तीन महिन्यांनी टाचा उचलणारे पुढे होते, वर्षानं दोघे सारखेच. म्हणजे याचा लाभ लवकर बरं वाटण्याचा आहे, आणि दुकानात उभं राहणाऱ्याला तो मोठा आहे. एक्स-रेत हाडाचा काटा दिसला तर घाबरू नका. न दुखणाऱ्या टाचांतही तो सापडतो. मात्र रात्री झोपेत ठणका, मुंग्या किंवा सूज असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

तुळजापूरचं स्पष्ट सांगतो. कोजागिरीपर्यंत व्यायामाचे तीन महिने पुरे होणार नाहीत. यंदा अनवाणी पूर्ण वाट नको. मऊ टाचेचे बूट घालून औशापर्यंत, सुमारे 20 किलोमीटर चाला, तेही आधी आठवड्या-आठवड्यानं अंतर वाढवत नेलं असेल तरच. पुढे बसनं जा. पूर्ण वाट पुढच्या वर्षी.