कंपवात : पडण्यापूर्वी केलेला खर्च

पार्किन्सन्स, अर्थात कंपवात म्हटले की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो. कुटुंबीयांना अधिक घोर लावते ते मात्र रुग्णाचे पडणे. या आजाराचे सुमारे ६० टक्के रुग्ण वर्षातून एकदा तरी पडतात. पाऊल आखूड पडते, वळताना तोल जातो, दारापाशी येताच पाय जमिनीला खिळतात. लेव्होडोपासारख्या औषधांनी हालचालींतील मंदपणा कमी होतो. तोल सावरण्यास मात्र त्यांचा उपयोग मर्यादितच होतो. ही उणीव भौतिकोपचार काही अंशी भरून काढतो.

आपण दिलेला निधी या व्यायामावर खर्ची पडणे योग्य आहे काय, असा प्रश्न देणगीदारांच्या मनात येणे रास्त आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेचे बिल हाती येते; टळलेला अपघात कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील एक अभ्यास उद्बोधक आहे. त्यात २३१ रुग्ण सहभागी होते. व्यायाम करणाऱ्या गटाने सहा महिने, आठवड्यातून तीनदा, ४० ते ६० मिनिटे तोलाचे व पायांच्या बळकटीचे व्यायाम केले. बहुतेक सत्रे घरीच झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सर्व रुग्ण एकत्र घेता पडण्याच्या प्रमाणात निर्णायक फरक आढळला नाही. आजार सौम्य असलेल्यांत मात्र ते ६९ टक्क्यांनी घटले. २०१६ मधील आर्थिक विश्लेषणात दर रुग्णामागे १,०१० ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च आला आणि पडण्याचा एक प्रसंग टाळण्यास ५७४ डॉलर लागले. सौम्य आजाराच्या गटात तर नेहमीच्या उपचारांपेक्षा एकूण खर्च कमी आणि लाभ अधिक ठरला.

परदेशातील हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. त्यातील बोध मात्र लागू होतो. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसारही व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी होते. म्हणून रुग्ण पडू लागेपर्यंत थांबू नये. निदान होताच भौतिकोपचार सुरू करावा. आजार बळावलेल्या रुग्णांवर मात्र घरचा व्यायाम एकट्याने सोपवू नये. त्यांना प्रत्यक्ष देखरेख हवी, आणि तिचा खर्च अधिक असला तरी तो नाकारणे धर्मादाय संस्थेस शोभणारे नाही.

नातेवाइकांनीही हातभार लावावा. न्हाणीघर कोरडे ठेवावे, आधाराला दांडी बसवावी, सरकणारी पायपुसणी काढावीत. पाय खिळल्यास रुग्णाला ओढू नये. जमिनीवर आखलेली रेघ ओलांडण्यास सांगावे किंवा तालात अंक मोजावेत.

आपल्या दानाचे फळ पुष्कळदा न घडलेल्या घटनेत असते. त्या फळाचीही नोंद आपण सर्वांनी मनोमन ठेवावी, अशी आमची नम्र विनंती आहे.