वाडीला हात लावू नकोस

नंदाखाल

प्रिय मेल्विन,


रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात एकाने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "भाचा वाडी विकायला काढतोय म्हणे?" बोळींजच्या एजंटाबरोबर तू बावखलाच्या तळ्याकडची बाजू टेप लावून मोजत होतास, असं त्याने पाहिलं. मी काहीतरी बोलून सटकलो, पण घरी आल्यावर घास उतरला नाही. खरं असेल तर आहेस तिथे थांब. खोटं असेल तर आजच फोन कर.

तुझ्या आईला मी विचारलेलं नाही. ती म्हणेल, पोराचं भलं होत असेल तर विका. भावजी गेल्यावर याच वाडीतला मोगरा आणि भाजी पहाटेच्या लोकलने दादरला नेऊन तिने तुम्हा दोघांना शिकवलं. लग्नाआधी हीच पोरगी हरित वसई चळवळीच्या मोर्चात चालली होती. फादर दिब्रिटो आपल्याच गावचे; त्यांनी वसई वाचवायला हाक दिली आणि आता आपल्याच घरातून बावखल बुजवायला दिलं जाणार?

मोबाइल गेम बनवायला नोकरी सोडलीस तेव्हा मी ब्र काढला नाही. पण गेमसाठी वाडी, कोणत्या हिशेबाने? तुझ्या बहिणीकडून, सिल्वियाकडून, मी सगळं समजून घेतलंय. गेम फुकट द्यायचा, त्यात दिसणाऱ्या जाहिरातींवर चार पैसे मिळवायचे, आणि कोणी आत काही विकत घेतलंच तर शंभरातले पंधरा गूगलला. शिवाय लोकांना गेम दिसावा म्हणून उलट आपणच जाहिरातीला पैसे मोजायचे. वाडीचा पैसा तू तिथेच ओतणार ना? तिथे मोठमोठ्या कंपन्या बोली लावून बसल्यात, मेल्विन. आईची सगळी हयात त्यात कधी विरघळली, तुला कळणारसुद्धा नाही.

लुडो किंगचं नाव तू उठता-बसता घेतोस. नवी मुंबईत विकास जयस्वालांनी कंपनी काढली 2010 मध्ये, लुडो किंग आला 2016 मध्ये आणि घराघरांत शिरला 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. त्या आधीच्या वर्षांबद्दल तू कधी बोलत नाहीस. पुण्याच्या 'राजी' गेमवाल्यांनी 2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. ठरवलेली रक्कम जमली नाही. गेम यायला 2020 उजाडलं. तो मोबाइलपुरता खेळ नव्हता, व्याप मोठा होता, हे मान्य. पण धीर तर तोच लागतो. तुला एवढी घाई कसली?

फार बोललो. रागावू नकोस.

नाताळात तू तुझा गेम माझ्या हातात दिलास, ते मी विसरलेलो नाही. त्यात बोटाने मातीचा बांध फोडला की पाटाचं पाणी केळीच्या आळ्यात शिरतं. वेळेत बुजवला नाही तर पलीकडची पानवेल कुजते. शहरातल्या कुठल्या पोराला हे सुचलं असतं? तू आजोबांच्या मागे चिखलात फिरलास म्हणून सुचलं. मग त्याच वाडीवर गेम उभा करून वाडीच कशी रे विकायची?

मला कॉर्नेट वाजवायचा होता, तुला ठाऊक आहे. बँडवर पोट भरत नाही म्हणून बाबांनी तो ट्रंकेत घातला आणि मी गोरेगावच्या कारखान्यात लागलो. पोट भरलं, संसार झाला. पण लग्नाच्या मांडवात बँड सुरू झाला की माझी बोटं अजून मांडीवर चालतात. ती सल तुला लागू नये. म्हणून गेम सोड असं मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. अर्धवेळ काम धर, महिन्याचं वाणसामान मी बघतो. फक्त वाडीला हात लावू नकोस.

सिल्विया म्हणाली, नव्या माणसाला गूगलवर गेम आणायचा तर आधी बारा जणांना चौदा दिवस सलग चाचणीत राहावं लागतं आणि तुझे बारा जमत नाहीत. अरे, मग घरच्यांना सांगायचं नाही का? मी आहे, मामी आहे, दोन्ही पोरं आहेत. बाकीचे मी आळीतून गोळा करतो. रविवारी जेवायलाच ये, मामी तुझ्यासाठी सुकेळी बाजूला ठेवून बसलीय. येताना सगळ्यांच्या फोनवर तो गेम घालून दे.

तुझा,
मामा