लेकरू कॅमेरा मागतंय

मायबापहो,

लेकरानं 'मला पिक्चर काढायचाय' म्हटलं की आपल्या घरात पहिला सवाल निघतो, 'अन् खाशील काय?' सवाल चुकीचा नाही. आपल्या टेंभुर्णीसारख्या गावात कपाशी-सोयाबीनच्या भावावर वर्षाचा हिशोब बसतो; तिथं पोरानं आधी नोकरी बघावी असं वाटणारच. पण या सवालाआड आणखी एक धास्ती असते, ती आपण बोलून दाखवत नाही. हे पोरगं कॅमेरा घेऊन आपल्याच गल्लीत फिरेल आणि आपलं घर, आपलं काम, आपली जात चारचौघांत मांडेल, ही ती धास्ती.

दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी नेमकं हेच केलं. ते करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. अहमदनगरला शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेल्या एका वंचित पोराची ती गोष्ट. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिला दिग्दर्शकीय पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. मग २०१३ मध्ये त्यांचा 'फँड्री' हा सिनेमा आला. त्यातला जब्या कैकाडी घरातला. घरचे गावातली डुकरं धरायला निघतात, तेव्हा वर्गातली पोरं बघतील म्हणून तो लपत राहतो. ही लाज त्याच्या मनात कुणी घातली? गावानं. आणि गाव म्हणजे तुम्ही-आम्हीच. जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे हलगी वाजवणारा पोरगा होता. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

श्रीगोंदा तालुक्यातले भाऊराव कऱ्हाडे यांनी तर जमीन विकून 'ख्वाडा' काढला. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाची ती कथा. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. पण हा दाखला देऊन पोरगं सातबारा मागायला लागलं, तर खुशाल नाही म्हणा. पहिला सिनेमा घरातल्या मोबाईलवर होतो. शिक्षण चालू ठेवायला लावा. आवड टिकली तर पुढं पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, जवळ संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे.

पैशापेक्षा त्याला तुमच्याकडून मोकळीक हवी असते. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं लेकरू असेल, तर कोयता, कोपी, मुकादमाची उचल हे सगळं त्याला सांगा. 'कशाला उकरायचं ते' म्हणू नका. तुम्ही जे झाकाल, त्याची लाज ते पुढं वागवेल. मुलगी मोबाईल घेऊन पारावर उभी राहिली, तर लोक काय म्हणतील याची चिंता पोराच्या वेळी करता तेवढीच करा.

आणि एक शिस्त मात्र लावा. तांड्यावर, पालावर, वस्तीत शूटिंगला जायचं तर आधी विचारायचं. नको म्हणाले तर कॅमेरा खाली. कुणाची गरिबी दाखवून टाळ्या मिळवायच्या नाहीत. ज्यांचं चित्रण केलं, त्यांना ते सगळ्यांत आधी दाखवायचं, आणि त्यांना खटकलं ते काढायचं. त्या वस्तीतलं पोरगंच कॅमेरा धरायला तयार असेल, तर आपल्या पोरानं तो त्याच्या हातात द्यावा. आपल्या माणसांची गोष्ट ते जास्त नीट सांगेल.

तीन मिनिटांची फिल्म झाली की घरी बसून बघा. कळली नाही तर तसं सांगा, आवडली नाही तरी सांगा. फक्त 'हे आपल्यासारख्यांचं काम नाही' एवढं म्हणू नका.