तो कुठे आहे?

आजचं वचन: २ शमुवेल ९:१-१३ (त्याआधी ४:४ वाचा)



मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. शौल आणि योनाथान पडल्याची बातमी आली. दाई त्याला घेऊन पळाली आणि त्या गडबडीत तो पडला. दोन्ही पाय कायमचे अधू झाले. यात पाप कोणाचं? मुलाचं तर नाहीच, आणि दाई तर त्याचा जीव वाचवायला धावत होती.

बऱ्याच वर्षांनी दावीद विचारतो, योनाथानासाठी ज्याच्यावर दया करावी असं कोणी उरलं आहे का? सीबा सांगतो, एक मुलगा आहे, पण पायांनी अधू. नाव सांगत नाही, आधी अपंगत्व सांगतो. दावीद मात्र पायांबद्दल काहीच विचारत नाही. तो एवढंच विचारतो की तो आहे कुठे. मग माणसं पाठवून त्याला लो-दबारहून आणवतो.

आता शेवटचं वचन नीट बघा. मफीबोशेथ राजाच्या मेजावर नेहमी जेवू लागला, आणि त्याचे पाय तेव्हाही अधूच होते. "आधी बरा हो, मग ये" अशी अट नव्हती.

आपल्या मंडळीत काय होतं? ऑटिझम असलेलं मूल उपासनेत मोठ्याने ओरडतं, माना वळतात, आणि आई त्याला घेऊन बाहेर पायरीवर बसते. दोन-तीन रविवार असं झालं की ते कुटुंब येणंच बंद करतं. वर कोणीतरी म्हणतं, "विश्वास कमी पडतोय." हे बोलणं त्या आईला आतून मोडतं. योहान ९ मध्ये शिष्यांनीही पाप कोणाचं म्हणून विचारलं होतं, आणि येशूने तो हिशेबच नाकारला. बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करा. पण जागा आजच द्या.

आपल्या महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. पंडिता रमाबाईंना स्वतःला कमी ऐकू यायचं. इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षणाचं त्यांचं स्वप्न त्यामुळेच राहिलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रिया आणि मुलीही आल्या. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई ब्रेल शिकली आणि तिने त्यांना वाचायला शिकवलं. नुसती कीव केली नाही, वचन त्यांच्या बोटांपर्यंत पोहोचवलं.

वर्धा जिल्ह्यात आज हे कसं दिसेल? आर्वी किंवा समुद्रपूरकडच्या खेड्यातून मुलाला घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात यायचं म्हणजे आईचा अख्खा दिवस जातो, बाबांची मजुरी बुडते. एकाने सोबत जावं, एकाने घरी राहिलेल्या भावंडाला सांभाळावं. ही पण सेवाच आहे.

आणि तुम्ही पुण्या-नागपुरात असाल तरी फोन हातात आहेच ना! दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, तो भरून द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. कित्येक आईबाबांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आईबाबांनो, तुमच्यासाठीही एक शब्द. लेकराला लपवू नका. त्याला काय चालतं, कशाने त्रास होतो, हे संडे स्कूलच्या टीचरना मोकळेपणाने सांगा. गीतांची पुस्तकं वाटणं, दान-पेटी धरणं, त्याला जमेल ते काम मागून घ्या. मेजावर बसणारा पाहुणा नसतो, घरचा असतो.

या रविवारी एवढंच करा: कोण येईनासं झालंय ते आठवा, आणि त्यांच्या घरी जा. "बोलावलं तर येतील" असं म्हणू नका. दावीदाने माणसं पाठवली होती.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, तुझ्या मेजावरची जी जागा आम्ही रिकामी ठेवली, ती आम्हाला दाखव. थकलेल्या आईबाबांना बळ दे, आणि आमचे पाय त्यांच्या दाराकडे वळव. येशूच्या नावात मागतो, आमेन.