संघ घसरला त्या वर्षी



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपले युवक घोळक्याने उभे असतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात फुटबॉल हमखास असतो. अलीकडे एक वाद आमच्या कानांवर वारंवार पडतो. हॅरी केनने टॉटनहॅम सोडले ते बरोबर केले की चूक? एकजण म्हणतो, त्याने आपल्या माणसांना दगा दिला. दुसरा म्हणतो, इतके गोल करूनही एक करंडक हाती लागला नाही, मग त्याने आणखी किती वाट पाहायची?

या वादावर लिहावे असे वाटण्याचे खरे कारण मात्र घरचे आहे. आपल्या धर्मग्रामाच्या संघातला एक चांगला आघाडीचा खेळाडू गेल्या मोसमात मुंबईच्या एका संघाकडून खेळू लागला. तेव्हापासून त्याचे काही सोबती त्याच्याशी बोलत नाहीत. मिस्सानंतर तो बाजूला उभा राहतो आणि लवकर घरी जातो. हे आम्ही पाहिले आणि आम्हाला बरे वाटले नाही.

प्रथम केनची गोष्ट पाहू या. २००४ साली, लहान वयातच तो टॉटनहॅमच्या अकादमीत आला. मोठा होऊन त्याने क्लबसाठी २८० गोल केले. क्लबच्या इतिहासात इतके गोल दुसऱ्या कोणीही केलेले नाहीत. पण २०१५, २०१९ आणि २०२१ असे तीन अंतिम सामने तो हरला. ऑगस्ट २०२३ मध्ये तो जर्मनीच्या बायर्न म्युनिककडे गेला. बायर्नने त्याआधी सलग अकरा वर्षे जर्मन लीग जिंकली होती, त्यामुळे करंडक आता पक्का, असे सर्वांना वाटले. पहिल्या वर्षी केनने लीगमध्ये ३६ गोल केले आणि नेमक्या त्याच वर्षी बायर्नच्या हाती काहीही लागले नाही! अखेर मे २०२५ मध्ये त्याला लीगचे जेतेपद मिळाले. गंमत अशी की त्याच महिन्यात त्याने सोडलेल्या टॉटनहॅमनेही युरोपा लीग जिंकली. सतरा वर्षांतला हा त्यांचा पहिला करंडक. म्हणजे करंडक मोजून हा वाद मिटवायचा म्हटले तर तेही जमत नाही.

म्हणून आम्ही वाचकांना थोडे मागे, इटलीत नेतो. आपल्यातील चाळिशीच्या पुढच्या मंडळींना गाब्रिएल बाटिस्टुटा आठवत असेल. लांब केस, जांभळी जर्सी आणि उजव्या पायाचा असा फटका की गोलरक्षकाने हात लावण्याआधी चेंडू जाळ्यात! अर्जेंटिनाचा हा स्ट्रायकर १९९१ साली फ्लॉरेन्स शहराच्या फिओरेन्टिना क्लबकडे आला.

दोनच वर्षांत क्लबवर संकट कोसळले. १९९३ मध्ये फिओरेन्टिनाची इटलीच्या पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. अर्ध्या शतकाहून अधिक काळात असे कधी घडले नव्हते. आता ही तारीख लक्षात घ्या. त्याच वर्षी जुलैमध्ये अर्जेंटिनाने दक्षिण अमेरिकेची कोपा अमेरिका स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात मेक्सिकोवर २-१ असा विजय मिळाला आणि दोन्ही गोल बाटिस्टुटाचे होते. शिवाय विश्वचषक एका वर्षावर आलेला. अशा वेळी दुसऱ्या श्रेणीत खेळणे म्हणजे लोकांच्या नजरेआड जाणे. चोवीस वर्षांच्या त्या तरुणाने बॅग भरली असती तर कोणी नवल केले नसते. तो राहिला. लहान शहरांच्या मैदानांवर वर्षभर खेळला, गोल केले आणि १९९४ मध्ये क्लबसह पुन्हा वर आला.

पुढच्याच मोसमात तो पहिल्या श्रेणीतला सर्वाधिक गोल करणारा ठरला. पहिल्या अकराही सामन्यांत त्याने गोल केला. १९९६ साली इटालियन चषक मिळाला. लीगचे जेतेपद मात्र दूरच राहिले. १९९८-९९ च्या मोसमात अर्ध्या वाटेवर फिओरेन्टिना पहिल्या क्रमांकावर होती. फेब्रुवारीत बाटिस्टुटा जखमी झाला, आणि नेमका तेव्हाच त्याचा जोडीदार, ब्राझीलचा एडमुंडो, कार्निव्हलसाठी रिओला निघून गेला. (राखेच्या बुधवारापूर्वीचा कार्निव्हल गोव्यामुळे आपल्याला परका नाही, पण त्यासाठी संघ वाऱ्यावर सोडणे आम्हाला काही पटत नाही.) क्लब तिसरा आला.

२००० साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, बाटिस्टुटा ७० अब्ज लिरा इतक्या रकमेला रोमा क्लबकडे गेला. नऊ वर्षे त्याने फ्लॉरेन्सला दिली होती. २६ नोव्हेंबर २००० रोजी रोममध्ये हे दोन संघ समोरासमोर आले. सामना संपत आला तरी गोल नव्हता. मग बाटिस्टुटाने लांबून हवेतल्या हवेत चेंडू मारला आणि तो जाळ्यात गेला. नवे सोबती आनंदाने त्याच्या अंगावर धावले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

१७ जून २००१ रोजी रोमाने पार्माला ३-१ असे हरवले आणि अठरा वर्षांनी लीग जिंकली. रोम म्हटले की आपल्याला पोपमहाशय आणि संत पेत्राचे महामंदिर आठवते. त्या रात्री मात्र रोम फुटबॉलचे होते. तीन गोलांपैकी पहिला कर्णधार फ्रान्सिस्को टोट्टीचा आणि शेवटचा बाटिस्टुटाचा. टोट्टी रोममध्येच जन्मला, सोळाव्या वर्षी रोमाकडून खेळू लागला आणि २०१७ साली निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही क्लबसाठी खेळला नाही. म्हणजे घर न सोडणारा आणि घर सोडून आलेला, दोघांनीही एकाच दिवशी एकाच संघासाठी गोल केले. टोट्टीला लीगचे जेतेपद आयुष्यात तेवढे एकदाच मिळाले, आणि बाटिस्टुटालाही इटलीत एकदाच.

आणखी एक योगायोग. त्याआधी चारच दिवस, १३ जूनला, फिओरेन्टिनाने त्याच पार्माला मागे टाकून इटालियन चषक जिंकला होता. फ्लॉरेन्समधल्या त्या सामन्यात त्यांचा गोल केला पोर्तुगालच्या नुनो गोमेसने. बाटिस्टुटा गेला त्याच वर्षी तो तिथे आला होता.

टोट्टी मोठा की बाटिस्टुटा, असे विचारले तर आमचे मत सांगतो. टोट्टीला राहणे तुलनेने सोपे होते. आई-वडील, गल्ली, मित्र, सारे तिथेच. बाटिस्टुटा समुद्रापलीकडून आला होता, त्या शहराचे त्याच्यावर जन्माचे ऋण नव्हते. तरीही संघ घसरला त्या वर्षी तो थांबला. निष्ठेची परीक्षा १९९३ साली झाली, २००० साली नव्हे, असे आम्हाला वाटते. तो गेला तेव्हा त्याच्याकडे फ्लॉरेन्सचे देणे उरले नव्हते. आणि तरी गोल केल्यावर त्याला रडू आले.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. इंग्लंडच्या अॅलन शिअररने १९९६ साली मँचेस्टर युनायटेडला नकार दिला आणि तो आपल्या गावच्या न्यूकॅसलकडे आला. दहा वर्षांत त्याने २०६ गोल केले, जो क्लबचा विक्रम आहे. मोठा करंडक एकही नाही. पण हेही खरे की १९९५ साली ब्लॅकबर्नकडून लीग जिंकून तो घरी परतला होता. एकदा पोट भरलेल्या माणसाने दुसऱ्याच्या भुकेला नावे ठेवू नयेत. मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसलने लीग कप जिंकला तेव्हा शिअरर वेम्बलीच्या प्रेक्षकांत होता आणि लहान मुलासारखा नाचत होता.

निष्ठा हा शब्द बहुतेक वेळा मैदानाबाहेर बसलेले आपण वापरतो. क्लब नको असलेल्या खेळाडूला विकतो तेव्हा आपण फारसे बोलत नाही. रोमानेच बाटिस्टुटाला जानेवारी २००३ मध्ये उसना म्हणून इंटर मिलानकडे धाडले, कारण पाय साथ देईनासे झाले होते. खेळ थांबवल्यावर त्याच्या घोट्यांच्या वेदना इतक्या वाढल्या की त्याने डॉक्टरांना पाय कापून टाकायला सांगितले. हे त्याने स्वतःच मुलाखतीत सांगितले आहे. स्ट्रायकरची उमेदीची वर्षे दहा-बारा. त्यांतली नऊ एका शहराला देणाऱ्याकडे आपण आणखी किती मागायचे?

आपल्या घरांतूनही मुले आखाती देशांत, कॅनडात गेली. त्यांच्यातील किती जणांनी जाण्याआधी आजारी वडिलांपाशी रात्री जागवल्या, कितींनी धाकट्या भावंडांची फी भरली, हे शेजाऱ्यांना ठाऊक असते. पण जाणाऱ्याला आपण फक्त विमानतळावर पाहिलेले लक्षात ठेवतो.

आता आपल्या त्या मुलाविषयी. मागे दोन वर्षे आपला संघ पहिल्याच फेरीत बाद होत होता. सरावाला पाच-सहाच मुले येत. तेव्हा गोलपोस्टला जाळी बांधायला हाच पहिला हजर असे आणि अंधार पडल्यावर चेंडू शोधायलाही हाच. जे आज त्याच्याशी बोलत नाहीत, त्यांतील दोघे-तिघे त्या दिवसांत मैदानावर आमच्या पाहण्यात आले नव्हते. नावे लिहीत नाही, ज्याची त्याला माहीत आहेत.

सणाच्या दिवशी दुपारी चार वाजता विवाहित विरुद्ध अविवाहित हा नेहमीचा सामना आहे. अविवाहितांच्या संघात एक जागा अजून रिकामी आहे. त्याला त्या दिवशी सुट्टी आहे, असे त्याच्या आईकडून आम्हाला कळले आहे.