जमीन चोरीला जाते का?

प्रश्न : खिशातलं पाकीट मारलं तर ती चोरी. मग माझी गावाकडची जमीन कुणी परस्पर विकली, तर पोलीस चोरीचा गुन्हा का नोंदवत नाहीत?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : कारण कायद्याच्या लेखी चोरी फक्त जंगम वस्तूची होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये तशीच व्याख्या आहे. तुमच्या बांधावरचं झाड तोडून नेलं किंवा शेतातली माती ट्रॉलीत भरली, तर ती चोरी. जमिनीपासून सुटलं की झाडही जंगमच. जमीन विकणाऱ्या भामट्याचं सगळं काम मात्र कागदावर चालतं, आणि गुन्हाही त्या कागदावरूनच ठरतो.

खरेदीखतावर सही कुणाच्या नावाने झाली, हे आधी बघा. तोतयाने तुमच्या नावाने सही-अंगठा केला असेल, तर बनावट दस्ताचं कलम 338 लागतं : जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत कैद. प्रकार 1 जुलै 2024 पूर्वीचा असेल तर जुन्या दंड संहितेचं 467. दुय्यम निबंधकासमोर तोतया उभा केला, म्हणून 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 82 वेगळं. त्यात 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘मी यांना ओळखतो’ असं जाणूनबुजून खोटं सांगणारा साक्षीदारही त्यात अडकतो.

आता खरी मेख. विकणाऱ्याने स्वतःच्याच नावाने सही केली आणि ‘जमीन माझी आहे’ एवढंच धडधडीत खोटं लिहिलं तर? मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं, की याला बनावट दस्त म्हणता येत नाही. सही ज्याची त्यानेच केली आहे. फसला तो पैसे मोजणारा, तेव्हा फसवणुकीची फिर्याद त्याने करावी. मूळ मालकाला ती करता येत नाही. तर्क बिनतोड आहे, पण अशिलाला तो पटवताना वकिलाला घाम फुटतो.

एक दिलासा आहे. विकणाऱ्याकडे नसलेली मालकी घेणाऱ्याला मिळत नाही. मात्र नोंदवलेलं खत दुय्यम निबंधक स्वतः रद्द करू शकत नाही. त्यासाठी माहिती झाल्यापासून 3 वर्षांत दिवाणी दावा लावावा लागतो. दरम्यान सातबाऱ्याकडे लक्ष ठेवा. फेरफाराची नोटीस आली, की 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत असली, की सुनावणीशिवाय नोंद मंजूर करता येत नाही.